आयसीयूत नवी नर्स रुजवताना: जाहिरातीपासून पहिल्या वर्षापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

आयसीयूतली नर्स वर्षाच्या आत सोडून गेली की पहिले नाव पगाराचे निघते. पगार हे कारण असतेच. पण सोडायचा विचार मनात पहिल्यांदा कधी आला हे नीट विचारले, तर उत्तर बहुधा पहिल्या तीन महिन्यांतल्या एखाद्या ड्युटीपाशी जाऊन थांबते: न समजलेले मशीन, समोर खालावत चाललेला रुग्ण आणि विचारायला आजूबाजूला कोणी नाही. बऱ्याच रुग्णालयांत ओरिएंटेशन एचआरच्या एका दिवसात उरकते आणि नर्स टिकवण्याचा प्रश्न राजीनामा हातात आल्यावर सुरू होतो. खरे तर हे एकच काम आहे आणि ते जाहिरात देण्याआधी सुरू करावे लागते.

हा लेख १० ते १५ खाटांचा आयसीयू सांभाळणाऱ्या मेट्रन, इन्चार्ज सिस्टर आणि रुग्णालय व्यवस्थापकांसाठी आहे. खालचा १२ आठवड्यांचा आराखडा जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून थेट आयसीयूत आलेल्यांसाठी आणि वॉर्डातून बदलून आलेल्यांसाठी आहे. दुसऱ्या आयसीयूतून अनुभव घेऊन आलेल्यांचे काय करायचे ते मध्ये वेगळे सांगितले आहे. लेखात सोयीसाठी 'सिस्टर' म्हटले असले तरी ब्रदरनाही सगळे तसेच लागू आहे.

## १. जाहिरातीआधी: माणसांचे गणित

हे गणित चुकले की पुढचे सगळे कागदावर राहते. १२ खाटांचा आयसीयू धरा. त्यात सरासरी ५ रुग्ण व्हेंटिलेटरवर आणि ७ त्याशिवाय. व्हेंटिलेटरच्या रुग्णामागे एक नर्स आणि इतर दोन रुग्णांमागे एक, असे धरले तर एका पाळीला ५ अधिक ४, म्हणजे ९ नर्स लागतात. इन्चार्ज सिस्टर या नऊमध्ये धरू नका. तीन पाळ्यांच्या मिळून रोज २७ ड्युट्या होतात.

आता एक नर्स वर्षात किती दिवस हजर असते? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा-सण मिळून साधारण ३० दिवस वजा केले की २८३ उरतात. २७ गुणिले ३६५ भागिले २८३, म्हणजे सुमारे ३५ नर्स. तुमच्या पटावर २६ असतील तर तूट ९ ची आहे, आणि ती तूट रोज कोणाच्या तरी डबल ड्युटीतून भरली जात असते. अशा जागी आलेली नवी मुलगी दुसऱ्या दिवसापासून पूर्ण नर्स म्हणून मोजली जाते. तिला शिकवायला कोणाचाच हात मोकळा नसतो.

तूट ९ ची आहे म्हणून एकदम ९ जणी घेऊ नका. कोणत्याही पाळीत तीन नर्सपैकी एकीपेक्षा जास्त नर्स सहा महिन्यांच्या आतली नसावी. १२ खाटांच्या आयसीयूत एका वेळी तीन नव्या, आणि पुढची तुकडी त्यांचे १२ आठवडे पूर्ण झाल्यावर. मधल्या काळात तूट भरायला काही खाटा बंद ठेवाव्या लागल्या तरी तो निर्णय व्यवस्थापनाने उघडपणे घ्यावा. तो नर्सच्या पाठीवर टाकू नये.

तपासणी: मागच्या महिन्याची ड्युटी लिस्ट आणि प्रत्यक्ष हजेरी शेजारी ठेवा. जितक्या जागी दोन्ही जुळत नाहीत, तितकी तुमची खरी तूट आहे. भरतीचा प्रस्ताव याच कागदासकट वर पाठवा.

## २. निवड: मुलाखतीत काय विचारायचे, काय दाखवायचे

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आधी तपासा. नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल तर ती इकडे करून घ्यायला वेळ लागतो. तो वेळ धरूनच रुजू होण्याची तारीख द्या.

मुलाखतीत व्याख्या विचारून काही कळत नाही. एक प्रसंग द्या: "रुग्णाचा बीपी ८० वर ५० आला आहे, डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर आहेत. पहिल्या दोन मिनिटांत काय कराल?" उत्तर अर्धवट असले तरी चालेल. ती आधी रुग्णाकडे जाते का, कोणाला बोलावते का आणि माहीत नाही ते तसे सांगते का, हे बघा. अडलेले लपवणारी माणसे आयसीयूत सर्वांत धोक्याची ठरतात.

मग ऑफर लेटरच्या आधी तिला दोन तास आयसीयूत बसवा, शक्यतो संध्याकाळी, नातेवाइकांच्या भेटीच्या वेळी. मृत्यू, अलार्मचा आवाज, रडणारे घरचे, कामाचा वेग हे सगळे तिने डोळ्यांनी पाहिलेले असावे. दोन तासांनंतर काही जणी नकार देतील. तो नकार तुम्हाला पुढचे तीन महिने वाचवून देतो.

पगार, नाईटचा भत्ता, साप्ताहिक सुट्टी, ड्युटीचे तास आणि राहण्याची सोय हे सगळे लेखी द्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराची पायरी सुचवली होती: २०० हून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारच्या बरोबरीने, १०० हून अधिक असतील तर त्यापेक्षा जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना जास्तीत जास्त २५ टक्के कमी आणि ५० पेक्षा कमी खाटांना महिना किमान २०,००० रुपये. तुम्ही या पायरीच्या किती खाली आहात ते स्वतःला ठाऊक असू द्या, कारण समोरच्या उमेदवाराला ते ठाऊक असते.

सावधान: मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नका आणि बॉण्डच्या रकमेची भीती घालू नका. अडवून ठेवलेली नर्स शिकत नाही, दिवस मोजते. बाहेर तिच्याकडून जे बोलले जाते, त्याने पुढच्या तुकडीचे अर्जही आटतात.

## ३. प्रीसेप्टर: शिकवणारी सिस्टर आधी तयार करा

सर्वांत जास्त चुका याच पायरीवर होतात. सर्वांत सीनियर सिस्टर म्हणजे सर्वांत चांगली शिक्षिका, असे गृहीत धरले जाते. पण जिचे हात आपोआप चालतात तिला पायऱ्या सांगता येतातच असे नाही. आयसीयूत दीड ते चार वर्षे झालेली, स्वभावाने शांत, चूक दिसली की रुग्णासमोर न ओरडता बाजूला घेऊन सांगणारी सिस्टर निवडा. आणि तिला आधी विचारा. न विचारता गळ्यात घातलेली नवी मुलगी तिला ओझेच वाटणार.

प्रीसेप्टरला तीन गोष्टी द्याव्या लागतात. एक, वेळ: पहिले चार आठवडे दोघींना मिळून एकाच नर्सइतके रुग्ण. दोन, पैसे: त्या १२ आठवड्यांचा वेगळा भत्ता, रक्कम लहान असली तरी पगाराच्या चिठ्ठीवर दिसणारा. तीन, एक दिवसाचे प्रशिक्षण. त्यात तिने कौशल्य कसे दाखवायचे, नव्या सिस्टरकडून उलट कसे करून घ्यायचे आणि तपासणी-वहीत कशावर सही करायची, एवढे आले तरी पुरे.

दोघींची ड्युटी लिस्ट १२ आठवडे जुळवून ठेवा. प्रीसेप्टर रजेवर गेली तर पर्यायी नाव आधीच लिहिलेले हवे. आज एका सिस्टरसोबत, उद्या दुसरीसोबत असे झाले की नवी मुलगी सक्शनच्या (श्वासनलिकेतला स्राव ओढून काढण्याच्या) चार पद्धती शिकते आणि चारही जणींकडून बोलणी खाते.

## ४. रुजू होण्याच्या आधीचा आठवडा

इथे जास्त सांगण्यासारखे नाही, पण राहिले तर पहिला दिवस वाया जातो. ओळखपत्र, युनिफॉर्म, लॉकर, संगणकाचे लॉगिन आणि होस्टेलची खोली तयार ठेवा. हिपॅटायटिस बी लशीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे डोस झाले आहेत का ते पाहा. झाले असतील तर अँटिबॉडीची पातळी तपासा. ती १० मिली-युनिटपेक्षा कमी असेल तर पुढचे डोस रुग्णालयाच्या खर्चाने द्या. बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) प्रमाणपत्र नसेल तर पहिल्या महिन्यातली तारीख ठरवून टाका.

## ५. पहिला आठवडा: नावावर एकही रुग्ण नाही

पहिले सहा दिवस तिच्याकडे रुग्ण सोपवायचा नाही. यावर व्यवस्थापक कुरकुर करतील. तरीही ठाम राहा.

पहिल्या दोन दिवसांत जागा आणि वस्तू. इमर्जन्सी ट्रॉलीचा प्रत्येक कप्पा तिने स्वतः उघडून, यादीशी ताडून, परत लावायचा. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), लॅरिंगोस्कोप, डिफिब्रिलेटर, ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह, रक्तपेढीचा नंबर, रात्री फार्मसी कुठून उघडते हे सगळे. तिसऱ्या दिवशी मॉनिटर, इन्फ्युजन पंप आणि सिरिंज पंप. रुग्ण नसलेल्या खाटेवर, अलार्म मुद्दाम वाजवून. चौथ्या दिवशी संसर्ग-नियंत्रण: हात धुण्याचे पाच क्षण, सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेतल्या नळीचा) हब १५ सेकंद घासणे, सुई टोचली तर काय करायचे. साबण-पाण्याने धुवायचे, दाबून रक्त काढायचे नाही, लगेच कळवायचे. एचआयव्ही टाळण्याच्या औषधाची गरज ठरली तर पहिला डोस शक्यतो २ तासांत. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. पाचव्या आणि सहाव्या दिवशी ओव्हर (पाळी बदलताना रुग्णाची माहिती) कसे घ्यायचे, आयसीयू चार्ट कसा भरायचा आणि डॉक्टरांना फोन कसा करायचा.

फोनचा सराव खरोखर करून घ्या. नमुना असा:

"सर, आयसीयूमधून सिस्टर बोलतेय. खाट ४, न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर दुसरा दिवस. गेल्या दहा मिनिटांत सॅच्युरेशन ९६ वरून ८८ वर आलंय. ऑक्सिजन ५० वरून १०० टक्के केलाय, सक्शन केलं, ट्यूब ओठांपाशी २२ वरच आहे. डाव्या बाजूला हवा कमी ऐकू येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. तोपर्यंत एक्स-रे सांगून ठेवू का?"

यात रुग्ण कोण, काय बदलले, मी काय केले आणि मला काय हवे हे चारही आले. "सर, खाट ४ ला बरं वाटत नाहीये" अशा फोनवर रागावणे सोपे असते, पण असा फोन करू नये हे तिला कोणी शिकवलेले नसते.

तपासणी: आठवड्याच्या शेवटी तिला सांगा, "डिफिब्रिलेटर, ८ नंबरची ट्यूब आणि अंबू बॅग आण." दोन मिनिटांत न विचारता आणता आले तर पुढची पायरी.

## ६. आठवडा २ ते ४: एक स्थिर रुग्ण, सोबत प्रीसेप्टर

आता व्हेंटिलेटरवर नसलेला, औषधांनी बीपी धरून ठेवावा लागत नाही असा एक रुग्ण. डोक्यापासून पायापर्यंत तपासणी पाळीच्या पहिल्या ३० मिनिटांत पूर्ण व्हायला हवी: शुद्धीची पातळी, बाहुल्या, श्वास, लाइन आणि ड्रेन, लघवी, पाठ आणि टाचा. दर दोन तासांनी कूस बदलणे हे काम मावशींवर सोडून नर्सने लांब उभे राहायचे नाही. पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची पहिली लाली कूस बदलतानाच दिसते.

अलार्मच्या मर्यादा पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक रुग्णाप्रमाणे लावायला शिकवा. सवयीने अलार्म बंद करणारी सिस्टर प्रीसेप्टर असेल, तर नवी मुलगी तेच उचलते आणि पुढे सहा महिने ते सुटत नाही.

याच काळात औषधांचे गणित. लेखी चाचणी घ्या आणि पैकीच्या पैकी आल्याशिवाय इन्फ्युजनला हात लावू देऊ नका. १० पैकी ८ इथे नापास धरा, कारण राहिलेली दोन उत्तरे कोणाच्या तरी शरीरात जाणार आहेत. नमुन्याची तीन गणिते:

* नॉरॲड्रेनॅलिन (बीपी वाढवणारे औषध) ४ मिलिग्रॅम एकूण ५० मिलिमध्ये. म्हणजे १ मिलिमध्ये ८० मायक्रोग्रॅम. रुग्ण ६० किलोचा, मात्रा मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो. मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. पंप तासाला ४.५ मिलि.
* इन्सुलिन ५० युनिट एकूण ५० मिलिमध्ये. वायल ४० युनिट प्रति मिलिची असेल तर १.२५ मिलि काढायचे, १०० ची असेल तर ०.५ मिलि. सवयीने १०० च्या वायलमधून १.२५ मिलि काढले तर पंपात १२५ युनिट जातात, ठरल्याच्या अडीचपट.
* पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलि अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट. हातावरच्या शिरेतून तासाला १० पेक्षा जास्त नाही. एक अँप्यूल एकूण ५०० मिलिमध्ये घातली तर ती बाटली २ तासांच्या आत संपता कामा नये, म्हणजे तासाला २५० मिलि ही वरची मर्यादा.

सावधान: पोटॅशियमची अँप्यूल थेट शिरेत कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून नाही. ती डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखी दिसते, म्हणून वेगळ्या, कुलूपबंद डब्यात. आयसीयूत इन्सुलिन एकाच शक्तीचे ठेवा. ४० साठी लाल टोपीची आणि १०० साठी नारिंगी टोपीची सिरिंज ही ओळख भिंतीवर चिकटवा. नॉरॲड्रेनॅलिनच्या अँप्यूलवरचे मिलिग्रॅम क्षाराचे की बेसचे, हे फार्मसीकडून एकदा लेखी घ्या आणि संपूर्ण आयसीयूत एकच पद्धत ठेवा.

## ७. आठवडा ५ ते ८: व्हेंटिलेटर आणि इन्फ्युजन

आता व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, पण प्रीसेप्टर हाताच्या अंतरावर. मोड आणि ग्राफ नंतर. आधी रोजच्या सात गोष्टी पक्क्या करा: ट्यूब ओठांपाशी कितीवर आहे, कफचा दाब २० ते ३० सेंमी पाणी आहे का, डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे का, तोंडाची स्वच्छता, झोपेच्या औषधांची पातळी, सर्किटमध्ये साचलेले पाणी, आणि खाटेशी ऑक्सिजन जोडलेली अंबू बॅग. ही अंबू बॅग शेजारच्या खाटेवर गेलेली असणे, हा प्रत्येक आयसीयूत सापडणारा दोष आहे.

सक्शन शिकवताना क्रम असा: आधी ३० ते ६० सेकंद १०० टक्के ऑक्सिजन, कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा जाड नको, दाब ८० ते १५० मिमी, कॅथेटर आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १५ सेकंदांच्या आत. नव्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे कॅथेटर आत घालतानाच दाब सुरू करणे. दुसरी, घड्याळ म्हणून दर दोन तासांनी सक्शन करणे. स्राव ऐकू येतो, दिसतो किंवा ग्राफ खडबडीत होतो तेव्हाच करायचे.

सॅच्युरेशन घसरले की चार प्रश्न, याच क्रमाने: ट्यूब सरकली का, ट्यूब अडली का, छातीत हवा साठली का, मशीन बिघडले का. आणि त्या आधी हात कुठे जायला हवा? रुग्णाला मशीनपासून सोडवून १०० टक्के ऑक्सिजनवर अंबू बॅगने श्वास देणे, आणि मोठ्याने मदतीला हाक मारणे. हे पुतळ्यावर किंवा रिकाम्या खाटेवर इतक्यांदा करून घ्या की आठवावे लागू नये. आर्टेरियल लाइनचा (धमनीतून सतत बीपी मोजणाऱ्या नळीचा) ट्रान्सड्यूसर छातीच्या चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीत, काखेच्या मध्यरेषेवर ठेवायचा आणि प्रेशर बॅग ३०० मिमीवर. खाट वरखाली केली की पुन्हा पातळी बघायची. चुकीच्या पातळीवरच्या बीपीवर नॉरॲड्रेनॅलिन वाढवले-घटवले जाते, म्हणून हे बारीक वाटले तरी बारीक नाही.

दर आठवड्याला एकदा पंधरा मिनिटांचे मॉक कोड, म्हणजे हृदय बंद पडल्याच्या प्रसंगाचा सराव. नव्या सिस्टरला सुरुवातीला दोनच कामे द्या: छाती दाबणे (मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी) आणि वेळ-औषधांची नोंद. औषधे भरणे नंतर.

अनुभवी नर्स आली तर: १२ ऐवजी ४ आठवडे. पण तिला तुमचे पंप, तुमची डायल्युशन पद्धत, तुमचा चार्ट आणि औषधांची चाचणी यांतून सूट नाही. तिच्या जुन्या रुग्णालयात नॉरॲड्रेनॅलिन ८ मिलिग्रॅम ५० मिलिमध्ये भरत असतील, तर तिचा हात पंपावर जुनाच आकडा लावेल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

## ८. आठवडा ९ ते १२: स्वतंत्र काम आणि पहिली नाईट

पहिली नाईट नवव्या आठवड्याआधी नको, आणि पहिल्या चार नाईट प्रीसेप्टरसोबतच. रात्री माणसे कमी, डॉक्टर झोपेत, प्रयोगशाळा हळू. दिवसा जमलेले काम रात्री अडखळते आणि सोडून जाण्याचे विचार पहाटे चार वाजताच येतात. नाईटला कोणत्या डॉक्टरांना कोणत्या आकड्यावर उठवायचे हे कागदावर छापून फोनशेजारी लावा, उदाहरणार्थ सरासरी बीपी ६५ च्या खाली, लघवी सलग दोन तास वजनाच्या हिशोबाने तासाला प्रति किलो ०.५ मिलिपेक्षा कमी, शुद्धीच्या पातळीत (जीसीएस) दोन गुणांची घट. कागद इंटेन्सिव्हिस्टच्या (आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या) सहीचा असावा. मग फोन केल्याबद्दल तिला कोणी झापू शकत नाही, आणि झापले तर प्रश्न त्या डॉक्टरांचा होतो.

सहीची पद्धत सरळ ठेवा. तपासणी-वहीत ३५ ते ४० कौशल्ये, त्याहून जास्त नकोत. प्रत्येकासमोर तीन रकाने: पाहिले, सोबत केले, स्वतंत्र केले. तिसरा रकाना वेगवेगळ्या तीन दिवशी करून दाखवल्यावरच. व्हेंटिलेटरचा रुग्ण, बीपीची इन्फ्युजन, रक्त चढवणे, आर्टेरियल लाइन, रुग्णाला सीटी स्कॅनला नेणे अशा जोखमीच्या कामांवर प्रीसेप्टरसोबत इंटेन्सिव्हिस्टचीही सही. एनएबीएचची (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेची) पाहणी जवळ आली म्हणून एका बैठकीत चाळीस सह्या करणे हा सर्वांत वाईट प्रकार. वहीत सही आहे म्हणून पुढची इन्चार्ज तिला तो रुग्ण देते.

बारा आठवड्यांत जमले नाही तर? कोणते कौशल्य अडले आहे ते नाव घेऊन सांगा, चार आठवडे वाढवा, प्रीसेप्टर बदलून बघा. तरीही नाही जमले तर वॉर्डात किंवा एचडीयूत (आयसीयूपेक्षा कमी गंभीर रुग्णांच्या विभागात) सन्मानाने जागा द्या. आयसीयूसाठी तयार नसलेली सिस्टर डायलिसिसला किंवा रिकव्हरीला उत्तम ठरू शकते.

## ९. तेराव्या आठवड्यापासून वर्षापर्यंत: इथेच लक्ष सुटते

प्रीसेप्टर गेली, सही झाली, आता ती "आपली" झाली असे सगळे धरतात. नेमक्या याच वेळी तिला सर्वांत अवघड रुग्ण मिळू लागतात आणि कौतुक थांबते.

ड्युटी लिस्ट. दोन आठवडे आधी लागलेली असावी आणि तोंडी बदलू नये. सलग नाईट चारपेक्षा जास्त नकोत आणि त्यानंतर पूर्ण विश्रांती. नाईट ऑफच्या दिवशी मीटिंग किंवा ट्रेनिंगला बोलावणे म्हणजे ऑफ नव्हे. गणपती, दिवाळी, ईद, नाताळ यांच्या सुट्ट्या मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून फिरत्या द्या. दरवर्षी त्याच जणी दिवाळीत ड्युटीवर असतील तर जानेवारीत राजीनामे येतील. नव्या सिस्टरला पहिले सहा महिने दुसऱ्या विभागात फिरवू नका.

बोलणे. ३० व्या, ६० व्या, ९० व्या दिवशी आणि मग सहाव्या आणि दहाव्या महिन्यात वीस मिनिटे, बसून, दार बंद करून. कामगिरीचा आढावा यात मिसळू नका. चारच प्रश्न: कोणत्या कामाची अजून भीती वाटते, कोणासोबत ड्युटी आली की पोटात गोळा येतो, सोडायचा विचार मागच्या वेळी कधी आला, आणि आम्ही एक गोष्ट बदलली तर कोणती. तिने सांगितलेल्यापैकी एक तरी गोष्ट महिन्याच्या आत बदललेली तिला दिसली पाहिजे. नाही तर सहाव्या महिन्यात ती "सगळं ठीक आहे मॅडम" एवढेच म्हणेल.

मृत्यू आणि मारहाण. तरुण रुग्णाचा किंवा अनपेक्षित मृत्यू झाला की त्याच पाळीत दहा मिनिटे थांबून काय झाले, काय बरोबर झाले यावर बोला. त्या सिस्टरला लगेच तीच खाट पुसून नवा रुग्ण घ्यायला लावू नका. नातेवाइकांनी धमकावले तर तक्रार रुग्णालयाने द्यायची, नर्सने एकटीने नाही. महाराष्ट्रात त्यासाठी २०१० पासून वेगळा कायदा आहे आणि तो रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकालाही ठाऊक असला पाहिजे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीच्या अंतर्गत समितीतल्या सदस्यांची नावे आणि नंबर चेंजिंग रूमच्या भिंतीवर लावा.

रोजची सोय. रात्री दोनला गरम जेवण मिळते का? जेवायला उठल्यावर रुग्ण कोण बघणार, हे ठरलेले आहे का? रात्री साडेआठला सुटणारी मुलगी होस्टेलला किंवा स्टँडवर कशी जाते? पगार कितीही वाढवला तरी हे तीन प्रश्न सुटले नाहीत तर ती थांबत नाही.

पुढची वाट. पहिली वाढ वर्षाच्या तारखेला न बांधता १२ आठवड्यांच्या सहीला बांधा. तिने कमावलेल्या कौशल्याची किंमत लगेच दिसते. पुढे दीड वर्षाला प्रीसेप्टर, मग सीआरआरटीसारखी (आयसीयूतले सतत चालणारे डायलिसिस) विशेष कामे, मग एक वर्षाचा क्रिटिकल केअर नर्सिंगचा पोस्ट-बेसिक डिप्लोमा रुग्णालयाच्या मदतीने. लग्न आणि बाळंतपण यांमुळे नर्स जातातच असे म्हणून हात झटकू नका. २६ आठवड्यांची रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही. परत येणाऱ्या सिस्टरला सहा महिने नाईटमधून सूट दिली तर तुमचा पाच वर्षांचा अनुभव तुमच्याकडे राहतो.

परदेश आणि सरकारी भरती. अनेक जणी ओईटी, एनक्लेक्स (परदेशातल्या नोकरीसाठीच्या परीक्षा) किंवा सरकारी परीक्षेची तयारी करत असतात. ते लपवायला लावू नका. परीक्षेच्या दिवसाची सुट्टी द्या आणि तारीख कळली की सांगायला सांगा. उघडपणे जाणारी सिस्टर तीन महिन्यांची सूचना देते आणि आपल्या जागेवर येणारीला शिकवून जाते. लपून तयारी करणारी एका सकाळी फोन बंद करते.

## १०. कोणी गेली तर

राजीनामा आला की इन्चार्जने नव्हे, त्या आयसीयूशी संबंध नसलेल्या व्यक्तीने बोलावे, आणि हिशोब पूर्ण झाल्यावर. त्याआधी खरे कोणी सांगत नाही.

प्रत्येक तुकडीचा एकपानी तक्ता ठेवा: किती रुजू झाल्या, ९० दिवसांना किती उरल्या, वर्षाला किती. समोर प्रीसेप्टरचे नाव, पहिली नाईट कोणत्या आठवड्यात आणि पहिल्या १२ आठवड्यांत डबल ड्युट्या किती. दोन-तीन तुकड्यांनंतर गळती कुठे आहे ते या तक्त्यातच दिसू लागते. एकाच प्रीसेप्टरकडच्या मुली जात असतील तर तिच्याशी बोला, तिला विश्रांती द्या. सलग तीन तुकड्या शिकवून तीही थकलेली असू शकते. गळती नाईट लवकर लागलेल्यांत असेल तर पायरी ८ मोडली गेली आहे.

अनुभवाचे प्रमाणपत्र आणि शेवटचा पगार ठरल्या तारखेला द्या. वर्ष-दोन वर्षांनी त्यातल्या काही जणी परत विचारणा करतात. तेव्हा त्यांना चार आठवड्यांच्या आराखड्यावर घ्या, आणि औषधांच्या गणिताची चाचणी त्यांनाही पुन्हा द्यायला लावा.